घाटात लोड असताना पिकअपचा अचानक दम तुटतो – पंप खाली घ्यावा की आधी काही बघावं?

सावर्डेकर
मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लावतो, कारण अर्धवट सांगितलं की पहिले दहा प्रतिसाद "पंप कुठला? धूर कसला?" यातच जातात.

गाडी २००९ ची डिझेल पिकअप. चार सिलिंडर, जास्त हवा कोंबणारा टर्बो, ती हवा गार करणारा इंटरकूलर. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी जास्त दाबाची डिझेल यंत्रणा) नाही, मायकोचा रोटरी पंप (इंजिनाला मोजून डिझेल देणारा) आहे, म्हणजे स्कॅनर लावून काही कळायची सोय नाही. मी सेकंडहॅण्ड घेतलेली, आधीच्या मालकाने तिच्यावर काय काय प्रयोग केलेत त्याचा हिशेब नाही. सध्या हंगाम असल्यामुळे चिपळूणहून कर्‍हाडला आंब्याच्या पेट्या जातात.

त्रास असा. पोफळीपर्यंत गाडी झकास. कुंभार्ली घाट लागला, काही वळणं गेली की अचानक दम तुटतो. तिसऱ्याची दुसऱ्यावर, दुसऱ्याची पहिल्यावर. पाय पूर्ण दाबलेला, पण इंजिन आवाज घेत नाही. बंद मात्र पडत नाही. बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, दहा-पंधरा मिनिटं थांबलं की शहाण्यासारखी निघते, आणि थोडं वर गेलं की परत तेच. रिकामी असेल तर याच घाटात काही तक्रार नाही. वर आल्यावर पाटण-कर्‍हाड रस्त्याला लोडसकट साठने पळते.

तापमानाचा काटा मध्यावर. आयडल (पाय न देता चालणारं इंजिन) साफ, झटका नाही. काळा धूर नाही. मागून येणाऱ्या दोस्ताला मुद्दाम बघायला सांगितलं होतं. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर दोन्ही नवे.

एक फिटर म्हणतो पंप खाली घ्या, किट टाकू, कॅलिब्रेशन करू, पंचवीस-तीस हजार. दुसरा म्हणतो टर्बो गेला. तिसऱ्याने पाना हातात घेऊन थेट नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) मोर्चा वळवला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. ऐन हंगामात गाडी उभी करणं परवडणारं नाही. कुठून सुरुवात करू?

निवांत_नाना
पोफळीला कोयनेची वीज तयार होते आणि नेमकी तिथूनच तुमच्या गाडीची पॉवर गायब होते. १९६० मेगावॅटचं रहस्य आज उलगडलं.

टायरवाले_तात्या
पासिंग (आरटीओने मंजूर केलेलं वजन) किती आणि भरता किती, तेवढं सांगा. बाकीचं निदान मी फुकट करतो.

सावर्डेकर
तात्या, पासिंगच्या आत. बरं, जवळपास. पण याच वजनाला गेल्या हंगामात हाच घाट तिसऱ्या-दुसऱ्यावर आरामात चढत होती. वजन तेच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच.

टर्बोभक्त
टर्बोच. रिकामी असताना टर्बोची गरज पडत नाही म्हणून त्रास जाणवत नाही, लोडला गरज पडते आणि तिथे तो नसतो. सरळ गणित आहे. वेस्टगेट (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) उघडा अडकला असेल किंवा इंटरकूलरचा होज फाटला असेल. रिकंडिशन टर्बो टाका आणि मोकळे व्हा.

डिझेलमामा
थांबा, थांबा. टर्बोभक्त, तुमचं गणित अर्धं बरोबर आहे, पण धुराकडे बघा की.

माझं आयुष्य कोल्हापूरला डिझेल गाड्यांखाली गेलं. ताकद गेली म्हणून कुणी आलं की आमचा पहिला प्रश्न धुराचा. हवा कमी पडली आणि डिझेल पूर्ण मिळालं, तर न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागे येतं. होज फाटला, एअर फिल्टर चोंदला, टर्बो बसला, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) उघडा अडकला, सगळ्यांत काळा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनाला पांढरा म्हणजे डिझेल कच्चं जातंय, टायमिंग नाहीतर नोझल, किंवा हेड गॅस्केटमधून पाणी. आणि ताकदही नाही, धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही. सावर्डेकरांची गाडी या चौथ्या खान्यात बसते.

आता दुसरी खूण बघा, थांबलं की बरी होते. बिघडलेला पंप दहा मिनिटं विश्रांती घेऊन सुधारत नाही. फुटलेला होज आपोआप शिवला जात नाही. थांबल्यावर सुधारते म्हणजे कुठेतरी अडथळा आहे, जो ओढ लागली की आवळतो आणि ओढ थांबली की सुटतो. तुमच्या रोटरी पंपाच्या पोटातच पात्यांचा छोटा पंप असतो, तोच टाकीतून डिझेल ओढतो. बऱ्याच गाड्यांत टाकीपाशी वेगळा पंप नसतोच. लोडला डिझेल जास्त लागतं, तो जोरात ओढतो, आणि वाटेत कुठे अरुंद झालं असेल तर तिथेच गाडी बसते. शहाळ्यातली कागदी नळी भिजून मऊ झाली की जोरात ओढल्यावर चपटी होते, हळू ओढलं तर पाणी येतं, तसलाच प्रकार.

तेव्हा पंप, टर्बो, नोझल या तिघांना हात लावायचा नाही. टाकीपासून फिल्टरपर्यंत या.

आणि एक, इनटेक मॅनिफोल्डवरून पंपाच्या डोक्यावर एक बारीक रबरी नळी जाते, ती शाबूत आहे का ते बघून सांगा.

मायकोपुत्र
मामांना +१.

वडील नाशिकला मायकोत होते, सातपूरला. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण नाशकात तो चौक अजून मायको सर्कल आणि गॅरेजवाल्यांच्या तोंडी पंप अजून मायकोचाच. वडील म्हणायचे, ग्राहकाने आणलेल्या पंपांतल्या बऱ्याच पंपांना काही झालेलंच नसतं, त्यांच्या वाटेचं डिझेल कुठेतरी अडलेलं असतं. पंप उघडणं सोपं वाटतं म्हणून लोक उघडतात. खरं तर तो घाण हाताने आणि टेस्ट बेंचशिवाय उघडण्यासारखा भागच नाही.

मुद्द्याचं सांगतो. सक्शन बाजूला भेग असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. त्यामुळे "कुठे गळत नाही" याचा काही उपयोग नाही. फिल्टर ते पंप हा तुकडा काढून तिथे डिझेलचा पारदर्शक पाइप लावा आणि रेस देऊन बघा. बुडबुडे सतत दिसले तर हवा आहे. पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वायसर, हाताने डिझेल भरायच्या हॅण्डप्राइमरची रबर, फिल्टरची गादी, या तीन ठिकाणी हवा जास्त सापडते. फिल्टर नवा म्हणालात, तेव्हा जुनी गादी वर चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली असं तर झालं नाही ना, तेही बघा.

कोंबडीवाली_ताई
मी इंजिनातली तज्ज्ञ नाही, पोल्ट्रीच्या दोन पिकअप आहेत आणि दोन्हींनी मला भरपूर शिकवलंय.

आमच्याकडे अशीच "ताकद गेली" म्हणून इंजिनावर बराच खर्च झाला आणि शेवटी निघालं मागचं ब्रेक शू अडकलेलं. हॅण्डब्रेकची केबल गंजून परत येत नव्हती. तेव्हापासून नियम केलाय. गाडी थांबवली की चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर इंजिनाला दोष देणं बंद. किंवा सपाट जागी न्यूट्रलला एकट्याने ढकलून बघायची. याला एक पैसा लागत नाही.

टायरवाले_तात्या
ताईंचा प्रतिसाद वाचून मान्य करतो, माझा ओव्हरलोडचा टोमणा मागे. त्यात भर: क्लच बघा. चढाला इंजिनाचा आवाज चढतोय आणि गाडी तिथल्या तिथे, तर क्लच सरकतोय. आवाजच चढत नाही, तर क्लच निर्दोष. सावर्डेकरांनी "आवाज घेत नाही" लिहिलंय, म्हणजे क्लच सुटला.

बिनकामाचा
पायाखालचं पायपुसणं बघा. हसू नका. आमच्या गाडीत रबरी मॅट दुमडून ॲक्सिलरेटरच्या खाली गेली होती, पाय पूर्ण दाबला असं वाटायचं आणि पंपाचा खटका अर्ध्यावरच असायचा. हेल्परला पाय दाबायला सांगून बॉनेट उघडून बघा, लिव्हर शेवटच्या स्टॉपरला टेकतो का. केबल लांबली असेल तरी हेच होतं.

वऱ्हाडी_बाणा
भाऊ, तुमी सारे फिरून फिरून नळीपाशीच येऊन राहिले. खरी गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. हे सारं नव्या डिझेलचं आहे. बीएस सिक्स डिझेल आलं तवापासून जुन्या पंपाइचं वाटोळं झालं. त्यातलं सल्फर काढलं, डिझेल कोरडं झालं, जुना पंप आतून घासते. आमच्या यवतमाळले किती पंप गेले सांगू! टाकीत थोडं टू-टीचं (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑइल टाकत जा, मी टाकतो, गाडी मस्त चालते.

मायकोपुत्र
बाणाभाऊ, अर्धं खरं, अर्धं ऐकीव. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस सिक्स डिझेल आलं, सल्फर १० पीपीएमवर आलं हे खरं. त्याआधी बीएस फोरला ५० आणि बीएस थ्रीला ३५० होतं. सल्फर काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणपणा कमी होतो हेही खरं. पण म्हणूनच त्यात वंगणाचं ॲडिटिव्ह घालतात आणि मानकात त्याची चाचणी ठरलेली आहे, घासल्याची खूण ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. पेट्रोल पंपावर मिळतं ते डिझेल त्या कसोटीला उतरलेलं असावं लागतं.

आणि डिझेल कोरडं असतं तर गाडी कर्‍हाडच्या सपाटीलाही कुरकुरली असती. घाटात कोरडं आणि वर गेल्यावर ओलं, असं डिझेल अजून निघालं नाही.

वऱ्हाडी_बाणा
टोमणे मारा भाऊ, आमच्या गाड्या चालून राहिल्या.

मिशिगनकर
बाणाभाऊंचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. अमेरिकेत १९९३ ला सल्फर कमी केलं तेव्हा काही जुन्या पंपांचे रबरी सील आकसून गळायला लागले होते. पण ती गळती बाहेर दिसते, पंप ओला होतो. घाटापुरती ताकद जाणं हे त्याचं लक्षण नाही.

इकडे जुन्या डिझेल पिकअपवाल्यांत एक चांगली सवय बघितली. काचेजवळ डिझेलच्या दाबाचा वेगळा मीटर बसवतात. लोड ओढताना काटा पडला की समजायचं मागून पुरवठा कमी. तुमच्या सक्शनवाल्या गाडीत व्हॅक्यूम गेज तेच काम करेल, फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून. नव्या-जुन्या फिल्टरचा फरकही त्यावर लगेच कळतो.

अवांतर: इथे हिवाळ्यात डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो आणि अशीच ताकद जाते. चिपळूणला ही भीती नाही, हेवा वाटतो.

निवांत_नाना
चिपळूणला मे महिन्यात माणूस वितळतो, डिझेलचं सोडा.

सायलेन्सर_काका
सायलेन्सरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आतली जाळी तुटून तोंडावर आडवी आली की धूर बाहेर पडायला वाव नाही आणि इंजिन गुदमरतं. मी एकदा संशय फेडायला मॅनिफोल्डच्या पुढचा बेंड ढिला करून दिवे घाट चढवला. गाडी चढली, पण सासवडपर्यंत प्रत्येकाने मान वळवून बघितलं. निदान झालं, इज्जत गेली.

डिझेलमामा
काका, निदान उत्तम. पण तशी गाडी लांब चालवू नका, गरम धूर वायरिंगवर जातो आणि केबिनमध्येही घुसतो. सावर्डेकरांच्या बाबतीत सायलेन्सर यादीत खाली ठेवा, कारण थांबल्यावर सुधारणा.

नवशिक्या_फिटर
मामा, एक सोपा उपाय सांगू? इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा पाइप-नट ढिला करायचा. ज्याला ढिला केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. असा लगेच कळतो.

डिझेलमामा
पोरा, हे इथे लिहिलंस म्हणून मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. जुन्या मेकॅनिकल पंपाला, आयडलला, चष्मा घालून, हात लांब ठेवून हे करतात. त्या नोझलचा उघडण्याचा दाब साधारण २०० बारच्या आसपास असतो, तोही चामडीत घुसायला पुरेसा आहे. आणि कॉमन रेल गाडीला हे कधीही करायचं नाही. तिथे हजार बारच्या वर दाब असतो. गळतीवर हात फिरवून बघणारे लोक बोट गमावून बसलेत. बारीक टोचल्यासारखं वाटतं, रक्तही येत नाही, आणि आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला जायचं आणि डिझेल आत गेलंय असं सांगायचं.

शिवाय यांच्या गाडीत झटका नाही, आयडल साफ आहे. मेलेला सिलिंडर घाटाच्या वरसुद्धा मेलेलाच राहतो.

नवशिक्या_फिटर
कळलं मामा. कॉमन रेलचं माहीत नव्हतं.

सावर्डेकर
सगळ्यांचे आभार. मधल्या काळात बरंच करून झालं, एकदमच लिहितो.

ताई, चाकं बघितली. घाटात थांबल्यावर लगेच उतरून. चारही सारखीच कोमट. ब्रेक नाही.

बिनकामाचा, तुमचं नाव बदला. मॅट नव्हती, पण केबल थोडी ढिली होती, लिव्हर स्टॉपरला जेमतेम टेकत नव्हता. नीट केली. किंचित फरक, मूळ त्रास तसाच.

टाकीचं झाकण उघडं ठेवून, म्हणजे वर फडकं बांधून, घाट चढवला. झाकणाचं भोक बुजलं असेल तर टाकीत व्हॅक्यूम होतो असं एकाने फोनवर सांगितलं होतं. काही फरक नाही. झाकण काढताना फुस्स असा आवाजही येत नाही.

पारदर्शक पाइप लावला. बुडबुडे नाहीत. म्हणजे हवा नाही. आता काय?

मायकोपुत्र
हवा नाही म्हणजे अडथळा. आता कॅन टेस्ट. याच्याइतकं स्वस्त आणि पक्कं निदान दुसरं नाही.

स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या. फिल्टरला टाकीकडून येणारा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा. त्या जागी नवीन पाइप लावा, दुसरं टोक कॅनमध्ये तळापर्यंत. रिटर्नचा पाइपही कॅनमध्ये सोडलात तर उत्तम, नाहीतर कॅन लवकर रिकामा होईल. एअर काढा, लोड भरा, घाट चढवा. चढली तर दोषी टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये. नाही चढली तर फिल्टर, पंप आणि पुढचं. अर्धी गाडी एका फेरीत सुटते.

कोंबडीवाली_ताई
कॅन केबिनमध्ये ठेवू नका हो! मागे लोडच्या भागात, झाकणासह, घट्ट बांधून, सायलेन्सरपासून लांब. आणि हेल्परला बिडी ओढू देऊ नका.

टर्बोभक्त
एवढ्या खटाटोपापेक्षा टर्बो बघितला असता तर संपलं असतं. एअर फिल्टरचा होज काढा, इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोचा दांडा हलवून बघा. पाच मिनिटांचं काम.

डिझेलमामा
हे मात्र टर्बोभक्त बरोबर बोलले, बघायला काय जातं. दांडा वर-खाली अगदी थोडा हलला तर चालतं, आत-बाहेर हलता कामा नये आणि पंखा घराला घासलेला नसावा. फक्त होज काढलेला असताना चुकूनही स्टार्टर मारायचा नाही.

सावर्डेकर
टर्बोचा दांडा बघितला, टाइट आहे. पात्यांना खरचटलेलं नाही. इंटरकूलरच्या जॉइंटला ऑइलचे काळे डागही नाहीत.

आता कॅन टेस्ट. माल मुद्दाम पूर्ण भरला. गाडी चढली. पोफळीपासून वरपर्यंत न थांबता. हेल्परने मागे कॅनवर डोळा ठेवला होता, तो वर पोचल्यावर म्हणाला, "शेठ, आता कॅननेच धंदा करायचा का?"

निवांत_नाना
हेल्परला पगारवाढ.

वऱ्हाडी_बाणा
कॅनमधलं डिझेल कोणत्या पेट्रोल पंपाचं होतं? तेच बीएस सिक्स? मग ठीक आहे, नळीवालं मानतो. टू-टी मात्र मी टाकतच राहीन.

डिझेलमामा
आता टाकीतली जाळी आणि टाकी ते चेसिसची लोखंडी लाइन, ती लाइन ते फिल्टर, हे सगळे रबरी तुकडे. नुसते बाहेरून बघून सोडू नका. काढा आणि उभे कापा.

सावर्डेकर
टाकी उतरवली. खाली थोडा गंज, थोडं पाणी, एक प्लॅस्टिकचं सील. जाळी मळलेली होती, पण चोंदलेली म्हणता येणार नाही. टाकी धुतली, जाळी साफ केली, बसवली, घाटात गेलो. थोडं वरपर्यंत गेली आणि परत बसली. तिथेच रस्त्याच्या कडेला बसून इथे शिव्या टाइप करत होतो, पण रेंज नव्हती.

मग मामांचं ऐकून रबरी तुकडे कापले. टाकीच्या वरून निघणारा वीतभर तुकडा. बाहेरून नवा कोरा, वर कंपनीचं नाव नाही, काही नाही. आत कापला तर आतला थर फुगून सुटलेला, एका बाजूला जिभेसारखा लोंबत होता. कापण्याआधी हाताने दोन्ही टोकं धरून फुंकर मारली तर हवा जात होती. तोंडाने जोरात ओढली तर बंद!

आधीच्या मालकाच्या वेळी कुणीतरी डिझेलचा पाइप म्हणून कसला तरी पाण्याचा पाइप बसवलेला दिसतोय.

मायकोपुत्र
हाच तो. डिझेलला न चालणारं रबर आतून फुगतं. बाहेरची जाळी-कव्हर ठणठणीत राहते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. थांबल्यावर ओढ जाते, थर परत जागेवर बसतो, गाडी सुरू.

पाइप घेताना वर डिझेलचा किंवा फ्युएलचा छाप असलेला घ्या, आतून विणलेला थर असलेला, आणि रिटर्नचेही तुकडे एकाच वेळी बदला. ते वेगळ्या काळातले असतील असं समजायचं काही कारण नाही.

टायरवाले_तात्या
म्हणजे तीस हजारांचा पंप, त्याच्यापेक्षा महागडा टर्बो, नोझलचा सेट, आणि निघाला वीतभर पाइप. किती पडले?

सावर्डेकर
सगळे रबरी तुकडे, क्लिपा, वायसर, नवा डिझेल फिल्टर धरून हजार-बाराशेच्या आसपास. टाकी उतरवायची मजुरी वेगळी, तीही घेतली नाही, आंब्यावर भागलं.

आता खरी गंमत. पाइप बदलून लोड घेऊन गेलो. बसत नाही, थांबावं लागत नाही, हा त्रास पूर्ण गेला. पण गेल्या हंगामासारखी जोरात नाही. तिसऱ्यावर जिथे घेत होती तिथे दुसरा टाकावा लागतो. धूर अजूनही नाही. पाइप हा एकच दोष होता की आणखी काही?

टर्बोभक्त
टर्बो. म्हणालो होतो.

डिझेलमामा
सावर्डेकर, मी पहिल्याच प्रतिसादात एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मॅनिफोल्डवरून पंपाच्या डोक्यावर जाणारी बारीक नळी.

तुमच्या पंपावर एक गोल डबी असते, आत रबरी डायफ्राम. टर्बोचा दाब त्या नळीतून डबीत येतो, डायफ्राम खाली दबतो, आणि तेव्हाच पंप जास्तीचं डिझेल सोडतो. दाब आला नाही तर पंपाला वाटतं टर्बो चालूच नाही, तो डिझेल आखडता घेतो. हवा भरपूर, डिझेल कमी, म्हणून धूर नाही. टर्बो ठणठणीत असतानाही टर्बो नसलेल्या गाडीसारखी चालते. म्हणजे टर्बोभक्तांना अर्धे गुण द्यायला हरकत नाही.

नळी काढा, वाकवून भेग बघा. मग डबीच्या बाजूने सायकलच्या बारक्या पंपाने हलका दाब द्या. दाब टिकला तर डायफ्राम चांगला. फुसकन गेला तर फाटलाय. जास्त जोर लावू नका, आपण तपासतोय, ट्यूब भरत नाही.

टर्बोभक्त
अर्धे गुण स्वीकारले. उरलेले अर्धे वेस्टगेटसाठी राखून ठेवतो.

सावर्डेकर
मामा, प्रश्न नजरेतून सुटला होता, मध्ये एवढे प्रतिसाद आले.

नळी बघितली. पंपाच्या टोकाला क्लिपेच्या खाली पूर्ण चिरलेली, बोट लावलं तर हातात आली. क्लिप वर असल्यामुळे बसलेली दिसत होती. डायफ्राम दाब धरतो. नळी बदलली. काल रात्री माल भरून गेलो, घाटात तिसऱ्यावर चढते, आणि मोठा पाय दिला की मागे थोडा धूर दिसतो म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा धूर बघून आनंद झाला.

सायलेन्सर_काका
थोडा म्हणजे किती ते बघा. जोर देताना क्षणभर फिकट, ठीक. मागची गाडी दिसेनाशी झाली तर परत या.

कोंबडीवाली_ताई
छान झालं. दोन बिघाड एकावर एक असले की माणूस पहिला सापडल्यावर दुसऱ्याला पहिल्याच्याच नावावर खपवतो. आमच्या दुसऱ्या पिकअपचीही ती नळी आज संध्याकाळी बघते.

घाईत_आहे
माझी २०१४ ची आहे, कॉमन रेल. घाटात पिवळा दिवा लागतो आणि गाडी ठरावीक वेगाच्या वर जातच नाही, बंद करून चालू केली की ठीक. हाच पाइप असेल का?

मायकोपुत्र
तुमची गाडी लिम्प मोडला जातेय, म्हणजे बिघाड दिसला की कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो. तिला कॉम्प्युटर आहे, तिने कारण लिहून ठेवलंय, स्कॅनर लावून आधी कोड वाचा. डिझेलचा दाब, बूस्ट (टर्बोचा दाब), सेन्सर, कशाचाही असू शकतो. वेगळा धागा काढा आणि कोड लिहा. आणि कृपया पाइप-नट ढिले करू नका.

नवशिक्या_फिटर
मामा, एक शेवटची शंका. त्या फुगलेल्या पाइपचे रबराचे कण पंपात गेले असतील का? पंप उघडून बघायला हवा का?

डिझेलमामा
नको. पाइप फिल्टरच्या आधी होता, कण फिल्टरने अडवले असणार. जुना फिल्टर टाकला नसेल तर पत्रा कापून कागद उलगडा, काळे कण दिसतील. नवा फिल्टर मात्र यावेळी लवकर बदला, लाइनमध्ये राहिलेली घाण अजून येत राहील. आणि खालचा स्क्रू सैल करून पाणी काढायची सवय ठेवा, टाकीत पाणी सापडलं होतं हे विसरू नका.

सावर्डेकर
जुना फिल्टर ठेवला होता, आत्ता कापला. कागदाच्या घड्यांत काळे रबरी तुकडे आणि गंज, चमचाभर तरी असेल. पुढच्या फेरीला नवा फिल्टर सोबतच घेऊन निघतो. मामा, कोल्हापूरकडे गाडी आली की पेटी पोचेल, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.